आगोटीची मासळी फ्रीझरमध्ये: ताजा मासा घरी गोठवून ठेवायची रीत

मे महिन्याच्या शेवटी मालवणहून पुण्याला निघालो की आमच्या डिकीत दोन पेट्या असतात. एक हापूसची, दुसरी थर्माकोलची. आंब्यांबद्दल कुणी काही विचारत नाही. थर्माकोलच्या पेटीबद्दल मात्र सोसायटीतले मासे खाणारे शेजारी दरवर्षी विचारतात, "एवढी मासळी ठेवता कुठे? आणि वास कसा येत नाही?" तेच ते जिन्यात उभं राहून सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढतोय.

ही आगोटीची, म्हणजे पावसाळ्यासाठी आधीच साठवून ठेवायची मासळी. एवढी लागते कशाला, ते आधी. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. समुद्र खवळलेला असतो आणि बऱ्याच माशांचा विणीचा काळही तोच. या ६१ दिवसांत शहरात जी मासळी मिळते ती बहुतेक बर्फातली, नाहीतर परवडू नये अशा भावाची. पुढे श्रावण लागतो आणि आमच्याकडे महिनाभर मासे बंद. म्हणजे हिशोब सोपा आहे: जूनच्या सुरुवातीपासून गटारीपर्यंत पुरेल एवढंच साठवायचं. वर्षाचा साठा करायला आपण शीतगृह काढलेलं नाही.

आमच्या आजीच्या काळी आगोट भरायची म्हणजे सुकं भरायचं. सुके बांगडे, सोडे, सुकट, काड्या बोंबील. फ्रीझर त्या यादीत अलीकडे आला, त्यामुळे त्याचे नियम घरातल्या मोठ्यांना विचारून कळत नाहीत. मला ते पैसे घालवून कळले.

पहिल्या वर्षी मी काय केलं? पाच किलो मासळी आणली. सुरमईच्या तुकड्या, बांगडे, कोळंबी, सगळं धुतलं आणि ओलंच दोन मोठ्या पिशव्यांत कोंबलं. एका दाराच्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात ठासून भरलं. जुलैमध्ये पाहुणे आले म्हणून काढायला गेलो तर आत एक धोंडा. तुकडी सुटेना. स्क्रूड्रायव्हरने खरवडायला गेलो आणि "फुस्स" असा आवाज आला. कप्प्याच्या पत्र्याला भोक पडून गॅस गेला होता. मेकॅनिकने बिल लिहिता लिहिता विचारलं, "मासे?" रोजचंच असावं त्याला. त्या बांगड्यांचं तिखलं केलं तेही खवट लागलं.

चुका तीन होत्या: मासा ओला होता, पिशवीत हवा होती आणि एका वेळी फार भरलं होतं. पुढचं सगळं त्या तीन चुका टाळण्याबद्दलच आहे.

आधी फ्रीझर बघा

माशाला उणे १८ अंश सेल्सिअस लागतं. दोन दारांच्या फ्रीजमध्ये ते मिळतं. एका दाराच्या फ्रीजमधला बर्फाचा कप्पा बरेचदा तेवढा थंड होतच नाही. तपासायला फ्रीझरचा थर्मामीटर घ्या, नाहीतर आइस्क्रीमचा डबा रात्रभर ठेवा. सकाळी चमचा सहज रुतला तर तुमचा कप्पा दोन महिन्यांच्या साठ्याचा नाही. त्यात दोन आठवड्यांपुरतंच ठेवा आणि बाकीची हौस सुक्या मासळीवर भागवा.

दुसरं, एका दिवशी किती गोठवायचं. अंदाज असा की फ्रीझरच्या दर २५-३० लिटर जागेमागे चोवीस तासांत एक किलो. साधारण अडीचशे लिटरच्या फ्रीजला वरचा कप्पा पन्नास-साठ लिटरचा असतो, म्हणजे दिवसाला दोन किलो. जास्त आणलंय? अर्धं आज, अर्धं उद्या. उद्याचं तोवर बर्फात राहू द्या, त्याला काही होत नाही.

ही घाई-सावकाशीची भानगड का, तर माशाच्या मांसात बहुतेक पाणीच असतं. ते झटपट गोठलं तर बर्फाचे कण बारीक राहतात. हळूहळू गोठलं तर कण मोठे आणि टोकदार होतात, मांसाच्या पेशी फोडतात, आणि मासा बाहेर काढल्यावर ताटलीत पाण्याचं तळं साचतं. ते पाणी म्हणजे गेलेली चव. एकदम पाच किलो गरम माल आत टाकला की सगळाच हळू गोठतो, वर आधीपासून ठेवलेलंही नरम पडतं. फ्रीजला जलद गोठवायचं बटण असेल तर मासे ठेवण्याआधी काही तास ते चालू करा.

बाजारात

फ्रीझर मासा सुधारत नाही. शिळा गेला तर शिळाच बाहेर येतो. म्हणून नेहमीपेक्षा चोखंदळ व्हा. डोळे फुगीर आणि चकचकीत हवेत, आत गेलेले, दुधाळ नकोत. कल्ले लालबुंद. बोटाने दाबलं की खळगा लगेच भरून यायला हवा. बांगडा डोक्याकडून आडवा धरा; ताजा असेल तर काठीसारखा ताठ राहतो, शेपूट खाली लोंबत नाही. पापलेटचं कोळणी सांगतात की कल्ल्यापाशी दाबून पांढरं पाणी आलं तर घ्या, लाल आलं तर पुढे चला. कोळंबीचं डोकं धडाला घट्ट हवं, मानेशी काळपट नको.

आणि सरळ विचारा, "मावशी, आजचा आहे की बर्फातला?" नेहमीचं गिऱ्हाईक असाल तर मावशी खरं सांगते. एकदा गोठवून सुटलेला (म्हणजे बर्फ वितळलेला) मासा तुम्ही पुन्हा गोठवलात तर त्याचा भुसा होतो. असा मासा घेतलात तर त्याच दिवशी कालवण करा.

बांगडा, तारली, सुरमई यांच्याबाबतीत एक गोष्ट मात्र गंभीरपणे घ्या. हे मासे उन्हात, उकाड्यात पडून राहिले की त्यांच्यात जिवाणूंमुळे हिस्टामीन नावाचं द्रव्य तयार होतं. खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, डोकं धरतं. लोक म्हणतात, "मला बांगड्याची ॲलर्जी आहे." बरेचदा दोष त्या दिवशीच्या बांगड्याचा असतो. हे द्रव्य गोठवून जात नाही आणि शिजवूनही जात नाही. म्हणून मासा हातात आल्या क्षणापासून बर्फ हवा.

प्रवास लांबचा असेल तर मासा आणि बर्फ वजनाने बरोबरीचे घ्या. मालवण-पुणे म्हणजे आठ-दहा तास, तिथे बर्फात कंजुषी नको. बर्फ फोडलेला असावा, लादीचा ढेकूळ नको, म्हणजे तो माशाला सगळीकडून बिलगतो. खाली बर्फ, मग पिशवीत बांधलेला मासा, पुन्हा बर्फ. वितळलेल्या पाण्यात मासा पोहत राहू नये म्हणून मी तळाशी एक जाळीची ट्रे ठेवतो.

घरी आल्यावर: साफ करा, कोरडा करा

साफसफाई गोठवण्याआधीच. पोटातली घाण आणि कल्ले तसेच ठेवले तर नासायची सुरुवात तिथूनच होते. खवले काढा, पोट रिकामं करा, पाठीच्या काट्यालगत जी काळपट रक्ताची रेघ असते ती अंगठ्याच्या नखाने खरवडून काढा. बहुतेक जण ती विसरतात आणि वास नेमका तिचाच येतो.

धुवायचं थंड पाण्याने, भराभर. अख्खा मासा हवा तेवढा धुवा, पण तुकड्या केल्यावर पाण्यात घोळत बसू नका, चव जाते. मग पुसायचं. सुती पंचा किंवा टिश्यू घ्या आणि प्रत्येक तुकडी दोन्ही बाजूंनी टिपा. बोट फिरवलं तर ओशट लागावं, ओलं लागू नये. वरचं हे पाणी म्हणजेच नंतरचा तो धोंडा.

इथे आमच्या घरात दरवर्षी एक वाद होतो. आई म्हणते, "मीठ नाय लावलंस तर मासो टिकतलो कसो?" तिचं तिच्या जागी बरोबर आहे. खारवायचं तर मूठमूठ मीठ लागतं, ते पाणी ओढून घेतं आणि मासा टिकतो. पण चिमूटभर मीठ चोळून फ्रीझरमध्ये टाकलं तर टिकायला त्याची मदत नाही, उलट तेलकट माशातली चरबी लवकर खवट होते. लिंबू, चिंच, आगळ (कोकमाचा रस) लावून ठेवाल तर मांस आंबटाने घट्ट आणि कोरडं होतं. हळद लावा, काही बिघडत नाही. मसाला मात्र बाहेर काढल्यावरच. आठवड्याभरात खायचं असेल तर मसाला लावलेल्या तुकड्या ठेवायला हरकत नाही, दोन महिन्यांसाठी नको.

सुरमईच्या तुकड्या, हात धरून

एकदा हे जमलं की रावस, हलवा, घोळ सगळं जमतं.

१. तुकड्या बोटाच्या जाडीच्या करून घ्या. जाडी दुप्पट झाली की गोठायला दुपटीहून बराच जास्त वेळ लागतो. मावशीला आधीच सांगा, कारण सांगितलं नाही तर ती पाहुणचाराच्या जाड तुकड्या पाडते. डोकं आणि शेपटी वेगळी बांधा, ती आधी संपवायची असतात.

२. स्टीलचं पसरट ताट घ्या. त्यावर प्लास्टिकचा कागद, कागदावर तुकड्या, एकमेकींना न चिकटता. ताट फ्रीझरमध्ये, शक्यतो मागच्या भिंतीलगत. स्टीलमुळे थंडी खालूनही लागते.

३. तीन-चार तासांनी तुकडी टकटक वाजायला लागली की ताट बाहेर काढा. एका पातेल्यात बर्फाचं पाणी तयार ठेवा. एकेक तुकडी चिमट्याने दोन-तीन सेकंद बुडवा आणि परत ताटात. तिच्यावर काचेसारखा पातळ थर लगेच धरतो. ताट पंधरा मिनिटं आत, मग पुन्हा एकदा बुडवा. हा बर्फाचा अंगरखा हवा अडवतो आणि मासा सुकू देत नाही. विकत मिळणाऱ्या गोठवलेल्या कोळंबीवर जे चकाकतं ते हेच.

४. आता जाड झिपवाल्या पिशवीत भरा. एका पिशवीत एका जेवणाचंच; आमच्याकडे चार माणसं, सहा तुकड्या. हवा काढायला मशीन लागत नाही. बादलीत पाणी घ्या, पिशवीचं तोंड बोटभर उघडं ठेवून ती हळूहळू पाण्यात उतरवा. पाणी बाहेरून दाबतं, हवा वरून निघून जाते, प्लास्टिक माशाला चिकटतं. तोंड पाण्याच्या वर असतानाच झिप ओढा. पहिल्यांदा करताना आत पाणी जाईल, दुसऱ्यांदा जाणार नाही.

५. पिशवीवर नाव आणि तारीख. मार्करने, आणि पिशवी भरायच्या आधी, कारण ओल्या पिशवीवर शाई धरत नाही. "मी लक्षात ठेवीन" असं म्हणू नका. गोठल्यावर रावस आणि सुरमई ओळखायची शर्यत आम्ही घरात लावून पाहिली आहे. सगळे हरले.

हवा राहिली की काय होतं ते बघायचं असेल तर जुनी, सैल बांधलेली पिशवी उघडून पाहा. तुकडीच्या कडा पांढरट, कागदासारख्या कोरड्या झालेल्या असतात. आतला बर्फ वाफ होऊन निघून गेलेला असतो. तो भाग खाल्ल्याने अपाय होत नाही, पण चोथा लागतो. आपोआप बर्फ काढणाऱ्या फ्रीजमध्ये हे जास्त होतं, कारण त्यात कोरडी हवा सारखी फिरत असते.

बाकीच्यांचं काय

बांगडे अख्खेच ठेवा, पोट आणि कल्ले काढून. मसाला भरायचे छेद आत्ता देऊ नका, जितकी कापलेली बाजू जास्त तितकी हवा जास्त लागते. पापलेटचंही तेच. बांगडा तेलकट, त्यामुळे दीड-दोन महिन्यांत संपवा. तारली आणि पेडवे त्याहून नाजूक, महिनाभर. सुरमई दोन-अडीच महिने उत्तम राहते. पापलेट, हलवा, घोळ तीन महिने. मासा त्यानंतर विषारी होतो असं नाही. उणे १८ ला जिवाणू वाढत नाहीत. पण ते मरतही नाहीत, नुसते थांबतात, आणि चव मात्र गुपचूप उतरत राहते.

कोळंबी हा गोठवायला सगळ्यात सोपा माल. डोकी आधी काढा, कारण डोक्यातल्या पाचक रसांनी मांस पिठूळ होतं. काळा दोरा काढा. कवच ठेवलंत तर चांगलंच, नाहीतर सोलून घ्या. प्लास्टिकच्या डब्यात भरून वर थंड पाणी ओता, कोळंबी पूर्ण बुडेल एवढं. बर्फ फुगतो, म्हणून वर बोटभर जागा रिकामी सोडा. पाण्यातच गोठली की हवा लागायचा प्रश्न मिटला. तीन महिन्यांनी डबा उघडला तरी गुलाबी निघते. मांदेली आणि मुडदुशीही साफ करून अशाच पाण्यात ठेवता येतात, पण महिनाभरच.

माकुलांना (स्क्विडना) गोठवणं उलट मानवतं, जरा मऊ पडतात. तिसऱ्या (खाण्याचे छोटे शिंपले) कवचासकट ठेवू नका. पाण्याचा हबका मारून वाफवा, उघडतील त्यांचं मांस काढा, न उघडलेल्या फेकून द्या. सुटलेलं पाणी रेती बसू देऊन फडक्यातून गाळा आणि मांस त्याच पाण्यात गोठवा. त्या पाण्यातच तर सगळी मजा असते. कुर्ल्या मी ठेवत नाही. कुर्ली जिवंत आणावी आणि त्याच दिवशी खावी.

आणि ओला बोंबील. लोक हट्टाने ठेवतात. त्यात जवळजवळ नव्वद टक्के पाणी असतं. तळायच्या आधीही आपण त्याला वजनाखाली दाबून पाणी काढतो. गोठवून काढलात तर हाताला लगदा लागेल. बोंबलाची सोय आपल्या लोकांनी शतकांपूर्वीच करून ठेवली आहे, वलांडीवर (बोंबील सुकत घालायच्या मांडवावर). सुका घ्या.

लाईट गेली तर

पावसाळ्यात जाणारच. दार उघडून बघायचा मोह आवरा. गच्च भरलेला वेगळा डीप फ्रीझर झाकण न उघडता साधारण दोन दिवस तग धरतो, अर्धा भरलेला एक दिवस. फ्रीजच्या वरच्या कप्प्यावर एवढा भरवसा ठेवू नका. मोकळी जागा पाण्याच्या बाटल्यांनी भरून टाका, त्या गोठून थंडी धरून ठेवतात. तुम्ही गावाला जाणार असाल तर वाटीत पाणी गोठवून त्यावर एक नाणं ठेवून जा. परत आल्यावर नाणं वरच असेल तर निश्चिंत. तळाला गेलेलं असेल तर मागे सगळं सुटून पुन्हा गोठलेलं आहे, ते फेकून द्या.

बाहेर काढताना

उद्या दुपारी खायचं असेल तर आज रात्री पिशवी फ्रीझरमधून खालच्या कप्प्यात, खोलगट ताटलीत. ओट्यावर ठेवून सोडू नका. मासा वरून सुटून ऊबेला येतो तेव्हा आत अजून बर्फच असतो, आणि थांबलेले जिवाणू त्या उबेचीच वाट बघत असतात. घाई असेल तर बंद पिशवी थंड पाण्यात बुडवा, अर्ध्या अर्ध्या तासाने पाणी बदला. बोटभर जाडीच्या तुकड्या तासाभरात सुटतात. गरम पाणी नको.

दुकानातून हवा काढून सीलबंद केलेलं पाकीट आणलं असेल तर फ्रीजमध्ये सुटायला ठेवण्याआधी ते कात्रीने उघडा. हवेशिवाय वाढणारे काही घातक जिवाणू फ्रीजच्या थंडीतही वाढू शकतात, त्यांना बंद पाकीट आयतं मिळतं.

कालवणाला तर सुटायची वाटही बघायला नको. वाटण उकळलं, तिरफळं ठेचून पडली, की गोठलेल्या तुकड्या तशाच आत सोडा आणि चार-पाच मिनिटं जास्त द्या. तुकड्यांचं पाणी सुटतं, म्हणून रस्सा आधी जरा दाटच ठेवा. कोळंबीचा गोळा खिचडीत तसाच जातो. तळायचं असेल तेव्हा मात्र पूर्ण सुटू द्या आणि पुन्हा एकदा पंच्याने टिपा. ओली तुकडी तेलात टाकलीत तर तेल तुमच्या हातावर येईल आणि रवा तव्याला राहील. टिपून झालं की हळद, मीठ, आगळ, तिखट, पंधरा मिनिटं थांबा, मग रवा.

गटारीच्या आदल्या रविवारी आमच्याकडे फ्रीझर रिकामा करण्याचा कार्यक्रम असतो. तळाशी हमखास एक पिशवी निघते जिच्यावर तारीख आहे पण नाव नाही. यंदा ती सौंदाळ्याची निघाली.